दुःखाला किती गुण?

अमेरिकी गायक-गीतकार सुफ्यान स्टीव्हन्स याचा ‘कॅरी अँड लोवेल’ हा अल्बम २०१५ मध्ये आला, तेव्हा समीक्षकांनी त्यातील प्रांजळपणाचे तोंड भरून कौतुक केले. दहा वर्षांनंतर खुद्द कलावंतानेच त्या अल्बमविषयी संकोच व्यक्त केला. कौतुक आणि संकोच यांमधील हे अंतर समीक्षेविषयी बरेच काही सांगून जाते.

आईच्या मृत्यूचा शोक ही अत्यंत खासगी बाब. पण तो शोक गाण्यांत उतरला, ती गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि अल्बमच्या रूपाने परीक्षकांच्या टेबलावर पोहोचली, की त्यालाही गुण मिळू लागतात. कोणी दहापैकी आकडा देतो, तर कोणी पाचपैकी तारे. ‘कॅरी अँड लोवेल’ ३१ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. संगीतक्षेत्रात त्या काळी मोठा दबदबा असलेल्या ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संकेतस्थळाने त्याला दहापैकी ९.३ गुण दिले. निरनिराळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर त्याने शंभरपैकी ९० गुणांपर्यंत मजल मारली. वर्षअखेरीस अनेक नियतकालिकांनी काढलेल्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्यांमध्येही त्याचे नाव झळकले.

हे गुण नेमके कशाला होते? गाण्यांना, की गाण्यांमागील दुःखाला? कौतुकाच्या भरात हा प्रश्न काहीसा मागे पडला. तो नीट समजून घ्यायचा, तर आधी हा कलावंत कोण, याची ओळख करून घ्यायला हवी.

मोठ्या मांडणीचा कलावंत

सुफ्यान स्टीव्हन्सचा जन्म १ जुलै १९७५ रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात झाला. त्याच्या अरबी वळणाच्या नावाविषयी नेहमीच कुतूहल व्यक्त होते. त्याचे आई-वडील त्या काळी इंडोनेशियात उगम पावलेल्या ‘सुबुद’ या आध्यात्मिक पंथाशी संबंधित होते आणि हे नाव त्या पंथाकडूनच मिळाले. स्टीव्हन्स स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचा. ही श्रद्धा आणि तिच्याविषयीच्या शंका, दोन्ही त्याच्या गीतांत सतत डोकावतात. न्यूयॉर्कमधील ‘न्यू स्कूल’ या संस्थेत त्याने सर्जनशील लेखनाचे शिक्षण घेतले. १९९९ मध्ये सावत्र वडील लोवेल ब्रॅम्स यांच्यासह त्याने ‘ॲझमॅटिक किटी’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली.

‘इंडी’ संगीत म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते हेच. ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा हा संक्षेप. बड्या कंपन्यांच्या छत्राखाली न जाता छोट्या किंवा स्वतःच्याच कंपनीतर्फे अल्बम काढणारे कलावंत या वर्गात मोडतात. जाहिरातीवर उधळायला त्यांच्याकडे पैसा नसतो. रेडिओवर त्यांची गाणी क्वचितच वाजतात. साहजिकच चांगले परीक्षण हीच त्यांची खरी जाहिरात ठरते. विशेषतः २००० नंतरच्या दशकात ‘पिचफोर्क’च्या दशांश चिन्हापर्यंत मोजलेल्या गुणांवर एखाद्या अनोळखी गायकाचे नशीब फळफळत असे किंवा कोमेजत असे.

स्टीव्हन्सचे नाव झाले तेही याच वाटेने. २००३ मध्ये त्याने आपल्या जन्मराज्यावर ‘मिशिगन’ हा अल्बम केला आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम काढण्याचा मनोदय जाहीर केला. २००५ मध्ये ‘इलिनॉय’ आला. तंतुवाद्ये, तुताऱ्या, समूहगान, लांबलचक शीर्षके असा सारा थाटमाट त्यात होता. ‘पिचफोर्क’ने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले. पन्नास राज्यांची घोषणा ही केवळ प्रसिद्धीची क्लृप्ती होती, अशी कबुली स्टीव्हन्सने पुढे दिली. २०१० मधील ‘द एज ऑफ ऑड्झ’मध्ये तो इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या कल्लोळात शिरला. थोडक्यात, भव्य कल्पना आणि भरगच्च वाद्यमेळ अशी त्याची प्रतिमा पक्की झाली होती. या पार्श्वभूमीवर ‘कॅरी अँड लोवेल’ने सर्वांनाच चकित केले.

कॅरी कोण, लोवेल कोण?

कॅरी ही स्टीव्हन्सची आई. तो जेमतेम वर्षाचा असताना तिने घर सोडले. त्यानंतर तो वडील आणि सावत्र आईकडे वाढला. कॅरीला स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर विकार होता, शिवाय ती व्यसनांतही गुरफटली होती, असे त्याने अनेक मुलाखतींत सांगितले आहे. पुढे कॅरीने लोवेल ब्रॅम्स यांच्याशी विवाह केला. तो पाचच वर्षे टिकला. याच काळात, म्हणजे वयाच्या पाचव्या ते आठव्या वर्षांच्या दरम्यान, स्टीव्हन्स आणि त्याची भावंडे उन्हाळ्याच्या सुटीत ऑरेगॉन राज्यातील युजीन शहरी आईकडे राहायला जात. आईच्या सहवासाच्या त्याच्या आठवणी बव्हंशी या मोजक्या उन्हाळ्यांपुरत्याच आहेत. विवाह मोडल्यावरही ब्रॅम्स यांनी मुलांशी नाते राखले. कंपनीच्या स्थापनेतील त्यांचा सहभाग हे त्याचेच फळ.

डिसेंबर २०१२ मध्ये पोटाच्या कर्करोगाने कॅरीचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत स्टीव्हन्स तिच्यापाशी होता. जिला आपण नीटसे ओळखतही नव्हतो, तिच्या जाण्याने आपण इतके का कोलमडलो, हा प्रश्न त्याला पुढे छळत राहिला. या अल्बमची गाणी त्यातून जन्मली.

अल्बममध्ये ११ गाणी असून एकूण अवधी पाऊण तासाहून किंचित कमी आहे. बोटांनी छेडलेली गिटार, कुठे बँजो, कुठे पियानो आणि कुजबुजल्यासारखा आवाज एवढाच संसार. ड्रम्स जवळजवळ नाहीतच. काही गाण्यांच्या शेवटी शब्द थांबतात आणि सिंथेसायझरचे तरंगते सूर बराच वेळ रेंगाळतात. मुद्रण वेगवेगळ्या ठिकाणी झाले. काही भाग तर ऑरेगॉनमधील एका हॉटेलच्या खोलीत चक्क आयफोनवर मुद्रित केला गेला. जमलेल्या कच्च्या मुद्रणांच्या ढिगातून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्यात थॉमस बार्टलेट या संगीतकार मित्राची मोलाची मदत झाली.

गाण्यांत ऑरेगॉनची ठिकाणे येतात, पोहायला शिकवणारा शिक्षक येतो, लहानपणी आईने व्हिडिओच्या दुकानात सोडून दिल्याची आठवण येते. ‘फोर्थ ऑफ जुलै’ हे गाणे मृत्युशय्येवरील आई आणि मुलगा यांच्यातील संवादासारखे रचलेले आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, आतषबाजीच्या दिवसाचे नाव घेतलेल्या या गाण्याच्या अखेरीस मृत्यूच्या अटळतेची आठवण देणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते.

परीक्षणांचे तीन सूर

या अल्बमवरील परीक्षणांत ढोबळमानाने तीन सूर आढळतात. पहिला सूर पुनरागमनाचा. थाटमाट टाकून स्टीव्हन्स पुन्हा साध्या लोकसंगीताच्या वळणावर आला, असे अनेकांनी नोंदवले. २००४ मधील त्याच्या ‘सेव्हन स्वान्स’ या शांत अल्बमशी तुलना झाली. आवाजाच्या पोतामुळे पोर्टलंडमध्ये घडलेल्या एलियट स्मिथ या दिवंगत गायकाचीही आठवण काढली गेली.

दुसरा आणि सर्वांत ठळक सूर प्रांजळपणाचा. आधीच्या अल्बममध्ये स्टीव्हन्स राज्यांच्या, शहरांच्या, गुन्हेगारांच्या कथा सांगत असे. स्वतःविषयी बोलायचे तर पात्रांच्या आडून. इथे मात्र आडपडदा उरला नाही, असा समीक्षकांचा अभिप्राय होता. हे वाचन समीक्षकांनी उगाच लादले असे म्हणता येणार नाही. अल्बम येण्यापूर्वी ‘पिचफोर्क’ला दिलेल्या मुलाखतीत स्टीव्हन्सने स्वतःच, हा कलाप्रकल्प नसून आपले आयुष्य आहे, अशा आशयाचे विधान केले होते. आईच्या आजाराविषयी आणि तिच्या मृत्यूनंतर आपण कसे भरकटलो याविषयीही तो मोकळेपणाने बोलला. परीक्षण लिहिणाऱ्याच्या हाती गाण्यांबरोबर ही किल्लीही पडली होती. ती न वापरणे अवघडच होते.

तिसरा सूर सार्वत्रिकतेचा. एका घरातील दुःख ऐकताना प्रत्येकाला आपापले दुःख आठवते, असे अनेकांनी लिहिले. भारतीय काव्यशास्त्रात याला ‘साधारणीकरण’ म्हणतात. व्यक्तीचा भाव तिच्यापुरता न राहता रसिकाचा होतो आणि मगच शोकाचा करुणरस होतो. या कसोटीवर हा अल्बम उतरला, यात शंका नाही. अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत त्याने मिळवलेले स्थान त्याचीच साक्ष देते. ‘फोर्थ ऑफ जुलै’ तर पुढील काळात इतके ऐकले गेले, की २०२२ मध्ये त्याची दोन वेगळी मुद्रणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्यात आली.

अर्थात आक्षेपाला जागा नाही असे नाही. गाण्यांची लय बहुतांशी एकाच मंद गतीची आहे. आवाज कुठेही उंचावत नाही. उत्तरार्धात एक गाणे दुसऱ्यात मिसळून गेल्यासारखे वाटते. मात्र विषयच असा, की लयीच्या एकसुरीपणावर बोट ठेवणे म्हणजे शोकाकुल घरात जाऊन जेवणाला नावे ठेवण्यासारखे वाटावे. अशा अल्बमची समीक्षा अवघड होते ती इथे.

प्रांजळपणाचेही तंत्र असते

आत्मनिष्ठ गायक-गीतकारांची परंपरा इंग्रजी संगीतात नवी नाही. कॅनडाच्या जोनी मिचेलने १९७१ मध्ये ‘ब्लू’ या अल्बममधून स्वतःच्या प्रेमभंगाला वाचा फोडली. इंग्लंडच्या निक ड्रेकने १९७२ मध्ये ‘पिंक मून’ हा केवळ २८ मिनिटांचा अल्बम दिला. त्यात आवाज, गिटार आणि एका ठिकाणी पियानो यांखेरीज काहीही नाही. तो फारसा विकला गेला नाही. १९७४ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी ड्रेकचे निधन झाले आणि त्याची कीर्ती पसरली ती त्यानंतर. तेव्हापासून त्याची गाणी त्याच्या मृत्यूच्या प्रकाशातच ऐकली जातात. एलियट स्मिथचे २००३ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी निधन झाले. त्याच्या बाबतीतही तेच घडले. चरित्र एकदा कळले, की प्रत्येक ओळ पुरावा वाटू लागते.

परंतु ऐकणाऱ्याला जो प्रांजळपणा जाणवतो, तो घडवलेला असतो, हे विसरून चालत नाही. गायक मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळू आवाजात गातो, तेव्हा श्वास आणि ओठांची हालचालही मुद्रित होते. ऐकणाऱ्याला तो कानाशी बोलल्यासारखा वाटतो. स्टीव्हन्स आणि स्मिथ या दोघांनीही वापरलेले दुसरे तंत्र म्हणजे आवाजाचे दुहेरी मुद्रण. तोच गायक तीच ओळ दोनदा गातो आणि ही दोन मुद्रणे एकावर एक ठेवली जातात. दोहोंत सूक्ष्म फरक राहतो. त्यामुळे आवाजाला एक धूसर कड येते आणि तो एकाच वेळी जवळचा आणि दूरचा भासतो. स्टीव्हन्सच्या या अल्बममधील हळवेपणा बऱ्याच अंशी या तंत्राची किमया आहे.

तंत्र आहे म्हणून भावना खोटी ठरत नाही. मुद्दा इतकाच, की समीक्षकाला ऐकू येतो तो परिणाम. गायकाच्या अंतःकरणात डोकावण्याची सोय त्याच्याकडे नसते. ‘प्रांजळ’ हा शब्द वापरताना तो गाण्यांच्या रचनेविषयी बोलत असतो, पण वाचकाला वाटते की तो माणसाविषयी साक्ष देत आहे.

माहितीचा हा परिणाम किती असतो, हे २०२३ मध्ये पुन्हा दिसले. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी स्टीव्हन्सचा ‘जॅव्हलिन’ हा अल्बम आला. तत्पूर्वी गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराने त्याला गाठले होते. हा अल्बम एप्रिलमध्ये निधन पावलेल्या आपल्या जोडीदाराला अर्पण केल्याचे त्याने प्रकाशनाच्या दिवशीच जाहीर केले. आधीच लिहून झालेल्या परीक्षणांना याची कल्पना नव्हती. त्यांनी ही गाणी निव्वळ गाणी म्हणून ऐकली होती. एका घोषणेने त्याच ओळींचा अर्थ बदलला. ध्वनिफितीतील एकही सूर मात्र बदलला नव्हता.

उत्तर न देऊ शकणारी आई

‘कॅरी अँड लोवेल’च्या दशकपूर्तीनिमित्त मे २०२५ मध्ये त्याची विशेष आवृत्ती निघाली. तीत पूर्वी अप्रकाशित राहिलेली काही मुद्रणे आहेत आणि स्टीव्हन्सने नव्याने लिहिलेला एक लेखही आहे. स्वतःच्या सर्वाधिक वाखाणल्या गेलेल्या कामांपैकी एकाविषयी त्याने त्यात जे लिहिले, ते वर्धापनाच्या गोड वातावरणाशी विसंगत होते. या गाण्यांमागील आपल्या हेतूंविषयीच त्याने कठोर शब्दांत असमाधान नोंदवले. ‘एनपीआर’ या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओशी बोलताना, या अल्बमची आपल्याला काहीशी लाज वाटते, असेही त्याने सांगितले. आईच्या आयुष्यावर, तिच्या अनुभवांवर किंवा तिच्या मृत्यूवर बोलण्याचा आपल्याला काय अधिकार, आपल्याकडे होती ती केवळ तर्काची आणि कल्पनेची शिदोरी आणि स्वतःचे दुःख, अशी त्याची भूमिका आहे. गाणी रचून काही सुटले नाही, हेही त्याने मान्य केले.

स्टीव्हन्सचा हा आक्षेप समीक्षकांच्या लक्षात न आलेल्या जागी बोट ठेवतो. अल्बमच्या शीर्षकात दोन माणसे आहेत. त्यांचे जुने छायाचित्रच मुखपृष्ठावर आहे. यांपैकी लोवेल ब्रॅम्स यांना उत्तर देता येत होते. २०२० मध्ये तर त्यांनी आणि स्टीव्हन्सने मिळून ‘अपोरिया’ हा वाद्यसंगीताचा अल्बमही काढला. कॅरीला ती संधी नव्हती. ‘फोर्थ ऑफ जुलै’मध्ये ती बोलते, पण ते शब्द मुलाने तिच्या मुखी घातलेले आहेत. तिचा आजार, तिचे व्यसन, दुकानात मुलांना सोडून जाणे हे सारे जगभरच्या श्रोत्यांना ठाऊक झाले. तिची बाजू मात्र कुणालाच ठाऊक नाही, आणि मुलालाही ती ठाऊक नव्हती. साधारणीकरणाच्या प्रक्रियेत श्रोत्याला त्याची आई मिळाली. प्रत्यक्षातील कॅरी मात्र एक पात्र होऊन राहिली.

परीक्षणांत ‘प्रांजळ’ हा शब्द आला तो गायक आणि श्रोता यांच्यातील नात्यापुरता. गायकाने श्रोत्यापासून काही लपवले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जिच्याविषयी बोलायचे तिच्याशी तो प्रांजळ राहिला का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे माप नव्हते ‘पिचफोर्क’कडे आणि नव्हते ‘मेटाक्रिटिक’कडे. आत्मचरित्रे, पत्रसंग्रह, कौटुंबिक आठवणी वाचणाऱ्यांना हा पेच परिचित आहे. लेखक स्वतःविषयी लिहितो म्हणतो, पण स्वतःविषयी लिहिताना इतरांना टाळणे शक्य नसते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टीव्हन्सच्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर २०२१ मध्ये त्याने त्यांच्या स्मरणार्थ ‘कॉन्व्होकेशन्स’ हा पाच भागांचा अल्बम काढला. तो केवळ वाद्यसंगीताचा आहे. शोक तोच होता, पण या वेळी शब्द नव्हते. त्यामागे काय विचार होता, हे सांगणे कलावंताचे काम. मात्र आईविषयीच्या अल्बमने उभा केलेला अधिकाराचा प्रश्न शब्दांविना संगीतात उद्भवत नाही, हे खरे.

मग समीक्षक चुकले का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काय गाळावे याचे भान, आवाजावरील संयम, एका वैयक्तिक आठवणीतून श्रोत्याची आठवण जागी करण्याची हातोटी, हे या अल्बमचे गुण २०१५ मध्ये होते आणि कलावंताला संकोच वाटला म्हणून ते नाहीसे होत नाहीत. रचना एकदा लोकांच्या हाती गेली, की तिच्यावर तिच्या कर्त्याचाही एकट्याचा अधिकार राहत नाही. ज्या श्रोत्यांनी आपल्या घरातील मृत्यूनंतर ही गाणी पुन्हा पुन्हा ऐकली, त्यांना मिळालेला आधार खोटा नव्हता.

मात्र पुढच्या वेळी एखाद्या अल्बमच्या परीक्षणात ‘प्रांजळ’, ‘काळजाला हात घालणारा’ असे शब्द दिसले, की वाचकाने दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. गाण्यात जे घडले ते ऐकून ठरवता येते. आयुष्यात जे घडले ते परीक्षकालाही ऐकीवच असते. ‘कॅरी अँड लोवेल’ आजही ऐकावा असाच अल्बम आहे. तो ऐकताना त्या मुखपृष्ठावरच्या बाईला स्वतःचेही काही सांगायचे असू शकले असते, एवढे ध्यानात ठेवले, तर ऐकणे अधिक खरे होईल.